प्राथमिक की दुय्यम? शिक्षणावरचे शोधनिबंध शोधण्याची वाट

1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं, आणि लाभ घेणाऱ्या 6,300 हून अधिक सरकारी संस्था. एरवी एकेका लेखासाठी हजारो रुपये मागणारी ही नियतकालिकं आता सरकारी महाविद्यालयातल्या एम.एड.च्या विद्यार्थ्यालाही उघडता येतात. सोय मोठी आहे. पण दार उघडलं तरी आत नेमकं काय शोधायचं, हा प्रश्न उरतोच. मार्गदर्शक सांगतात, “दहा प्राथमिक संशोधनं आणि चार-पाच दुय्यम आढावे वाचून या.” विद्यार्थी मान डोलावतो, गूगल उघडतो, आणि जे पहिलं सापडेल ते उतरवून घेतो. त्यातलं प्राथमिक कोणतं आणि दुय्यम कोणतं, हे बहुतेक वेळा त्यालाही सांगता येत नाही.

हा फरक परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही. शाळेत उद्या काय बदलायचं, याचा सल्ला ज्या कागदाच्या आधारावर दिला जातो, तो कागद लिहिणारा माणूस स्वतः वर्गात गेला होता की वर्गात गेलेल्यांचं वाचून लिहीत होता, हे त्यातून कळतं.

पंचनामा आणि तालुक्याचा अहवाल

अवकाळी पाऊस झाला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शेतावर जातात. कोणत्या गटातलं किती क्षेत्र आडवं झालं ते बघून पंचनामा करतात. असे गावोगावचे पंचनामे तहसील कार्यालयात गोळा होतात आणि त्यावरून तालुक्याचा अहवाल तयार होतो. अहवाल लिहिणारा प्रत्येक शेतात गेलेला नसतो; त्याच्यापुढे पंचनाम्यांचा गठ्ठा असतो.

शोधनिबंधांचंही तसंच आहे. प्राथमिक लेख म्हणजे पंचनामा. संशोधकाने स्वतः चाचणी घेतली, मुलाखती घेतल्या, वर्गनिरीक्षण केलं किंवा प्रयोग केला, आणि त्याचे निष्कर्ष पहिल्यांदा मांडले. दुय्यम लेख म्हणजे तालुक्याचा अहवाल. इतरांनी केलेले अभ्यास गोळा करून, तपासून, त्यातून एकत्रित चित्र काढलेलं. ‘दुय्यम’ म्हणजे कमी दर्जाचं असा अर्थ इथे अजिबात नाही. पंचनाम्यात एका शेताची खरी नोंद असते, पण तालुक्याचं नुकसान त्यातून कळत नाही. अहवालात तालुका दिसतो, पण कोणत्या बांधावरचं झाड पडलं ते दिसत नाही. धोरण ठरवायला अहवाल लागतो, आणि अहवालावर शंका आली की पंचनामे काढून बघावे लागतात.

दुय्यम लेखांचे तीन मुख्य प्रकार आहेत. नेहमीचा आढावा, म्हणजे लेखकाने स्वतःच्या निवडीने काही अभ्यास घेऊन केलेली चर्चा. पद्धतशीर आढावा, म्हणजे कुठे शोधलं, कोणते शब्द वापरले, किती अभ्यास सापडले, किती वगळले आणि का, हे सगळं उघड सांगून केलेलं काम. आणि मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांतले आकडे एका मापात आणून त्यांची एकत्र काढलेली गणिती सरासरी. हा शेवटचा शब्द शिक्षणक्षेत्रातूनच आलेला आहे. जीन ग्लास या शिक्षण-संशोधकाने तो 1976 साली रूढ केला आणि पुढे तो वैद्यकशास्त्रातही गेला.

‘प्राथमिक’ शब्दाचा घोळ

मराठीत इथे एक खास अडचण येते. आपल्याकडे ‘प्राथमिक’ म्हटलं की आधी पहिली ते पाचवीची शाळा आठवते. ‘प्राथमिक संशोधन’ म्हणजे प्राथमिक शाळेवरचं संशोधन, असं समजून निवडलेले संदर्भ प्रबंधांत दिसतात. बारावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही प्राथमिक संशोधनच असतो, आणि पहिलीच्या वाचनावरच्या 40 अभ्यासांचा आढावा दुय्यमच असतो.

इतिहासातून आलेल्यांचा घोळ वेगळा असतो. इतिहासात प्राथमिक साधन म्हणजे त्या काळचं पत्र, ताम्रपट, रोजनिशी, आणि आजच्या संशोधकाचा त्यावरचा लेख दुय्यम. शिक्षणशास्त्रात मात्र संशोधकाने स्वतः माहिती गोळा करून लिहिलेला लेख प्राथमिक धरतात.

तिसरी गुंतागुंत माहितीची. कोणी ‘असर’ची (ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण) किंवा यू-डायसची (शाळांची सरकारी नोंद) उपलब्ध आकडेवारी घेऊन, तिच्यावर नवा प्रश्न विचारून नवं विश्लेषण केलं, तर त्याने वापरलेली *माहिती* दुय्यम, पण त्याचा *लेख* प्राथमिक. कारण निष्कर्ष नवा आहे आणि तो मुलांच्या वा शाळांच्या नोंदींवरून थेट काढलेला आहे. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्येही नवा आकडा निघतो, मग तो प्राथमिक का नाही? कारण तिथे मोजलं जाणारं एकक मूल किंवा शाळा नसतं. तिथे एकेक अभ्यास मोजला जातो.

लेख हातात आला की ओळखायचा कसा

सारांश वाचा आणि एकच प्रश्न विचारा: या लेखकाने नेमकं काय मोजलं? “दोन शाळांतल्या 120 विद्यार्थ्यांना पूर्वचाचणी दिली”, “18 शिक्षिकांच्या मुलाखती घेतल्या” असं काही दिसलं तर लेख प्राथमिक. “अमुक काळात प्रसिद्ध झालेले अभ्यास तपासले”, “चार डेटाबेसमध्ये शोध घेतला” असं दिसलं तर दुय्यम. सारांशावरून कळलं नाही तर आतलं पद्धतीचं प्रकरण उघडा. नमुना, साधनं, कार्यवाही असे भाग असतील आणि त्यात माणसं असतील, तर तो प्राथमिक.

इथे दोन ठेचा हमखास लागतात. प्रत्येक प्राथमिक लेखात सुरुवातीला आधीच्या संशोधनाचा आढावा असतोच. तो वाचून लेखाला दुय्यम ठरवू नका. आणि पद्धतशीर आढाव्यातही ‘पद्धती’ नावाचं प्रकरण असतं. ते दिसलं म्हणून त्याला प्राथमिक म्हणू नका. त्या प्रकरणात नमुना म्हणून लेख आहेत की लोक, ते बघा. बहुधा तिथे ‘प्रिझ्मा’ नावाचा चौकटींचा तक्ताही असतो: एवढे लेख सापडले, एवढे दुहेरी निघाले, एवढे वगळले, एवढे उरले. तो तक्ता दिसला की शंका उरत नाही.

बरेच लेख या दोन्हींत बसत नाहीत. संपादकीय, मतलेख, पुस्तक परीक्षण, ‘आमच्या शाळेतला उपक्रम’ सांगणारा अनुभव, निव्वळ सिद्धांताची मांडणी हे सगळं वाचनीय असू शकतं, पण “संशोधनातून असं दिसतं” या वाक्याखाली ते टाकता येत नाही. कृती संशोधन मात्र प्राथमिकच. शिक्षकाने स्वतःच्या 30 मुलांच्या वर्गात केलेलं असलं तरी तो पंचनामा आहे. फक्त शेत लहान आहे.

एरिक: शिक्षणाचा सगळ्यात मोठा फुकट साठा

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या पैशांवर चालणारा ‘एरिक’ हा डेटाबेस 1960 च्या दशकापासून आहे. त्यात 20 लाखांच्या आसपास नोंदी आहेत, आणि तो जगात कुठूनही, नाव न नोंदवता, पैसे न देता वापरता येतो. 2025 मध्ये तिथल्या सरकारी कपातीचा फटका एरिकलाही बसला. त्यामुळे अगदी ताज्या लेखांसाठी एकट्या एरिकवर विसंबू नये. जुन्या साठ्याला मात्र तोड नाही.

डेटाबेस म्हणजे लेखांची शिस्तीत लावलेली यादी. प्रत्येक लेखाची नोंद असते: शीर्षक, लेखक, सारांश, वर्ष, विषयशब्द, प्रकार, शैक्षणिक स्तर, देश. पूर्ण लेख तिथे असेलच असं नाही. नोंदीच्या क्रमांकावरूनही काही कळतं. ‘ईजे’ने सुरू होणारा क्रमांक नियतकालिकातल्या लेखाचा असतो, ‘ईडी’ने सुरू होणारा अहवाल, परिषदेतले निबंध वगैरे इतर कागदांचा. ‘ईडी’च्या नोंदींना पूर्ण पीडीएफ जोडलेली असण्याची शक्यता बरीच जास्त.

निम्मं काम शब्दांचं

समजा विषय आहे बहुवर्ग अध्यापन. महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवतो, तो प्रकार. इंग्रजीत ‘मल्टिग्रेड टीचिंग’ असं टाकलं की काही लेख येतील, पण बरेच निसटतील. कारण हीच गोष्ट वेगवेगळ्या देशांत ‘मल्टि-एज’, ‘काँबिनेशन क्लास’, ‘काँपोझिट क्लास’ अशा नावांनी ओळखली जाते. मंडईत कोथिंबीर मागितली तर मिळते, पण दुसऱ्या राज्यात तिचं नाव धनियापत्ता आहे हे माहीत हवं.

यावर उपाय म्हणून एरिकने ‘थिसॉरस’ ठेवलाय. ही ठरवून दिलेल्या विषयशब्दांची यादी आहे, आणि प्रत्येक विषयशब्दाला ‘डिस्क्रिप्टर’ म्हणतात. लेखकाने लेखात कोणताही शब्द वापरलेला असो, नोंद करणारा माणूस त्याला या यादीतला शब्द लावतो. म्हणून यादीतला शब्द एकदा सापडला की वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले लेख एका फटक्यात समोर येतात. बहुवर्गासाठी तिथला शब्द ‘मल्टिग्रेडेड क्लासेस’ आहे. ‘मल्टिग्रेड’च्या शेवटी ‘एड’ लागलंय, एवढाच फरक, पण नेमका तोच अडवतो.

आपले नेहमीचे शब्द तर तिथे आणखीच वेगळ्या वेशात असतात. ‘मिड-डे मील’ शोधायचं तर ‘लंच प्रोग्रॅम्स’. मातृभाषेतून शिक्षणासाठी ‘नेटिव्ह लँग्वेज इन्स्ट्रक्शन’. आश्रमशाळेसाठी स्वतंत्र शब्द नाही. ‘बोर्डिंग स्कूल्स’ घेऊन त्यात भारत आणि आदिवासी अशी भर घालावी लागते.

कृती अशी. एरिकच्या पहिल्या पानावर शोधचौकटीजवळ ‘थिसॉरस’ हा पर्याय आहे. तिथे तुमचा शब्द टाका. येणाऱ्या पानावर त्या शब्दाची व्याख्या, त्याहून व्यापक शब्द, त्याहून नेमके शब्द आणि संबंधित शब्द दिसतात. हे सगळं वहीत उतरवून घ्या, ही यादी पुढे महिनाभर पुरते. मग त्या विषयशब्दाने साठ्यात शोध घेण्याचा दुवा दाबा. निकाल कमी आले तर साध्या चौकटीत पर्यायी शब्द अवतरणचिन्हांत टाकून, मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘ऑर’ लिहून जोडा. अवतरणचिन्हं दिली नाहीत तर ‘क्लास’ आणि ‘साइझ’ हे शब्द लेखात वेगवेगळ्या कोपऱ्यांत असले तरी तो लेख येतो, आणि यादी हजारोंची होते.

कोणती खूण करायची, कोणती करायची नाही

निकालांच्या डावीकडे गाळण्या असतात. आपल्या प्रश्नासाठी सर्वांत कामाची गाळणी ‘पब्लिकेशन टाइप’. त्यातलं ‘रिपोर्ट्स – रिसर्च’ निवडलं की बहुतांश प्राथमिक अभ्यास उरतात. ‘इन्फर्मेशन अ‍ॅनालिसीझ’ निवडलं की आढावे आणि मेटा-अ‍ॅनालिसिस येतात. ‘रिपोर्ट्स – डिस्क्रिप्टिव्ह’मध्ये उपक्रमांची वर्णनं असतात आणि ‘ओपिनियन पेपर्स’मध्ये मतं. एका लेखाला दोन प्रकारही लावलेले असू शकतात, म्हणून गाळणीवर डोळे मिटून विश्वास नको. सारांश वाचायलाच हवा.

वरती ‘पीअर रिव्ह्यूड ओन्ली’ अशी एक चौकट असते. पीअर रिव्ह्यू म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर जाणकारांनी लेख तपासणं. बहुतेक विद्यार्थ्यांना ही खूण आधीच करायला शिकवलेलं असतं, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. एरिकने ही नोंद ठेवायला 2004 मध्ये सुरुवात केली. त्याआधीच्या लेखांवर साधारणपणे ही खूण नसते. म्हणजे चौकट टिपली की 1990 च्या दशकातले उत्तम, काटेकोर तपासलेले लेखही यादीतून गळतात, आणि ते गळले हे कुठेही सांगितलं जात नाही. म्हणून जुना काळ शोधताना ही खूण काढा आणि नियतकालिकाची पद्धत वेगळी तपासा. शिवाय पीअर रिव्ह्यू होणाऱ्या नियतकालिकातही संपादकीय आणि पुस्तक परीक्षणं छापली जातात, तेव्हा ही खूण म्हणजे संशोधनाची हमी नव्हे.

‘फुल टेक्स्ट अव्हेलेबल’ची खूणही सुरुवातीला करू नका. चावी हरवली अंधारात आणि शोधायची उजेडात, असं होतं ते. आधी हवे ते लेख कोणते हे ठरवा, मग ते मिळवायच्या मागे लागा.

एक आढावा आणि त्याला दिलेलं उत्तर

बहुवर्गाचंच उदाहरण पुढे नेऊ. शोध नीट केला तर सायमन व्हेनमन या डच संशोधकाचा 1995 चा आढावा सापडतो. तो ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’मध्ये आला होता. या नियतकालिकात आढावेच छापतात, त्यामुळे दुय्यम लेख हवे असतील तर त्याचं नाव ध्यानात ठेवावं. व्हेनमन यांनी 50 हून अधिक अभ्यास गोळा केले आणि निष्कर्ष काढला की बहुवर्गातली मुलं अभ्यासात एकवर्गातल्या मुलांपेक्षा मागेही नसतात आणि पुढेही नसतात. आढाव्यात त्यांनी एक भेद केला होता, तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे: नाइलाजाने एकत्र बसवलेले वर्ग वेगळे, आणि वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र शिकावीत म्हणून मुद्दाम केलेले वर्ग वेगळे. आपल्या द्विशिक्षकी शाळा पहिल्या प्रकारात येतात.

इथे थांबलेला विद्यार्थी लिहील: “संशोधनानुसार बहुवर्ग अध्यापनाचा निष्पत्तीवर परिणाम होत नाही.” आणि उद्या हेच वाक्य कोणीतरी शिक्षक न वाढवण्याच्या बाजूने वापरील.

पण पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, त्याच नियतकालिकात मेसन आणि बर्न्स यांनी या निष्कर्षावर सविस्तर टीका केली. त्यांचा मुद्दा साधा होता. मुख्याध्यापक बहुवर्ग करताना त्यात बहुधा हुशार, स्वतंत्रपणे काम करू शकणारी मुलं आणि चांगले शिक्षक टाकतात. इतकी निवडक मुलं असूनही निकाल *समान* येत असतील, तर त्याचा अर्थ बहुवर्गाचा थोडा तोटा होतोय आणि निवडीमुळे तो झाकला जातोय. व्हेनमन यांनी त्याच वर्षी त्यांना उत्तर दिलं.

आता आपला प्रश्न. वस्तीशाळेत चार इयत्तांची मिळून 17 मुलं आहेत. तिथे कोण कोणाला निवडणार? तिथे सगळीच मुलं बहुवर्गात असतात. म्हणजे ज्या निवडीमुळे तिकडे तोटा झाकला जातो, ती निवड आपल्याकडे नाहीच. मग तो निष्कर्ष आपल्या शाळांना लागू पडतो का? याचं उत्तर आढाव्यात मिळणार नाही. त्यासाठी आढाव्यातले मूळ प्राथमिक अभ्यास उघडून, कोणत्या देशात, किती मुलं, वर्ग कसे पाडले हे बघावं लागतं, आणि भारतातले अभ्यास वेगळे शोधावे लागतात. दुय्यम लेखाने नकाशा दिला, प्राथमिक लेखापर्यंत चालत जावंच लागतं.

ही टीका सापडते कशी? गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या फक्त शोधनिबंध शोधणाऱ्या पानावर, व्हेनमन यांचा लेख काढा आणि खालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा. त्या लेखाचा उल्लेख करणारे नंतरचे सगळे लेख येतात. लेखाच्या शेवटच्या संदर्भयादीतून मागे जाता येतं, ‘साइटेड बाय’मधून पुढे. कोणताही आढावा वाचला की या दोन्ही दिशांना जा. माझ्या मते पाच नव्या शोधांपेक्षा या एका सवयीतून जास्त हाती लागतं.

शिक्षणाचं संशोधन अर्थशास्त्रात दडलेलं

मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ‘बालसखी’ कार्यक्रम चालवला. वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी दिवसातून सुमारे दोन तास 15-20 जणांच्या गटात वेगळं शिकवायची. या कार्यक्रमाचा यादृच्छिक प्रयोग, म्हणजे कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेला प्रयोग, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या शाळांवरचं हे अव्वल दर्जाचं प्राथमिक संशोधन छापलं गेलं ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये. फक्त शिक्षणाच्या डेटाबेसमध्ये शोधणाऱ्याच्या हातून ते सहज सुटतं. म्हणून शोधाचा एक फेरा अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रातही मारावा. तो गूगल स्कॉलरवर होतो.

या लेखाचा सारांश वाचण्यासारखा आहे. बालसखीमुळे गुण सरासरी 0.28 प्रमाण विचलनाने वाढले. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. साध्या भाषेत, कमी गुणांकडून जास्त गुणांकडे उभ्या केलेल्या 100 मुलांच्या रांगेत अगदी मध्यावर असलेलं मूल साधारण 61 व्या जागी पोचलं. वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची झाली. पण त्याच सारांशात पुढे आहे की कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने, ज्या मुलांसाठी तो होता त्यांच्यातली वाढ टिकून होती, पण सुमारे 0.10 पर्यंत उतरली होती. म्हणजे मध्यावरच्या मुलाच्या हिशेबात 54 वी जागा. दुय्यम उल्लेखात 0.28 उचलला आणि 0.10 गाळला, की पूर्ण वेगळी गोष्ट तयार होते. मूळ लेख उघडण्यामागचं कारण हेच.

यापुढचा दुय्यम टप्पा बघायचा तर पॅट्रिक मॅकिवन यांचं 2015 चं मेटा-अ‍ॅनालिसिस बघा. विकसनशील देशांतल्या प्राथमिक शाळांमधले 77 यादृच्छिक प्रयोग त्यांनी एकत्र तोलले. तेही ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’मध्येच आलं.

आपल्याकडचा साठा

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘शोधगंगा’वर 5 लाखांहून जास्त पीएच.डी. प्रबंध मोफत आहेत. प्रबंध हे प्राथमिक संशोधन. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असल्यामुळे फक्त पद्धतीचं प्रकरण उतरवून घेता येतं. मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांची शीर्षकं काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमन लिपीत भरलेली आहेत, तेव्हा दोन्ही प्रकारे शोधा. आणि रोमनमध्ये ‘शाळा’ किती प्रकारे लिहिता येतं, तेही करून बघा.

आपल्याकडचा जुना दुय्यम ठेवा म्हणजे बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातून 1974 साली निघालेलं एम. बी. बुच यांचं पहिलं सर्वेक्षण आणि त्यापुढचे खंड. भारतातलं शिक्षण-संशोधन शोधायला ते आजही उपयोगी आहेत. मात्र त्यातला परिच्छेद उतरवून “अमुक यांनी 1968 मध्ये अभ्यास केला” असं लिहिणं बरोबर नाही, कारण तो अभ्यास तुम्ही पाहिलेलाच नाही. एनसीईआरटीचं ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’ही चाळावं.

लेख कुलुपात असेल तर?

संस्था ‘वन नेशन’मध्ये असेल तर ग्रंथपालांकडून घरून लॉगिन करण्याची सोय मागून घ्या. सुरुवातीला ही योजना सरकारी संस्थांपुरतीच असल्याने खासगी महाविद्यालयांतल्यांना वेगळी वाट धरावी लागते. गूगल स्कॉलरवर लेखाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं. तिथे लेखकाने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवलेली मोफत प्रत अनेकदा मिळते. नाहीतर लेखकाला चार ओळींचं नम्र ईमेल करा. लेखाचं शीर्षक, तुमचा विषय, आणि प्रत पाठवाल का एवढी विनंती पुरते. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन लेख वाचण्याचा जुना मार्गही आहेच.

“मग गूगल स्कॉलरच पुरे नाही का?”

गूगल स्कॉलर पसरट आहे, एरिक नेमकं. स्कॉलरवर ‘रिव्ह्यू आर्टिकल्स’ची गाळणी आहे, पण इयत्ता, देश, संशोधनाचा प्रकार अशा गाळण्या नाहीत, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे लेखही त्यात येतात. यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद करण्याचा निर्णय जाहीर केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी वाचकावर आणि संस्थेवर आली आहे. “पाच दिवसांत प्रसिद्धी, शुल्क अमुक” असं लिहिलेलं असेल, किंवा एकाच अंकात शिक्षण, रसायन आणि शेतीचे लेख असतील, तर तिथून बाजूला व्हा.

“एआयला विचारलं तर?”

शब्द सुचवायला विचारा. ‘बहुवर्ग अध्यापनाला इंग्रजीत कोणकोणते शब्द आहेत’ या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळतं. संदर्भ मागितले तर मात्र खऱ्या लेखकांची नावं, खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि अस्तित्वातच नसलेलं शीर्षक असा बेमालूम संदर्भ समोर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून स्कॉलरवर किंवा एरिकवर तपासा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिलेला असेल तर तो ब्राउझरमध्ये उघडून तोच लेख येतो का बघा. लेख सापडला नाही तर संदर्भ खोडा.

वहीत काय असावं

प्रत्येक शोधाची एक ओळ ठेवा: तारीख, डेटाबेस, नेमके शब्द, लावलेल्या गाळण्या, किती निकाल आले, किती घेतले. उदाहरणार्थ, “एरिक, ‘मल्टिग्रेडेड क्लासेस’ हा डिस्क्रिप्टर, प्रकार रिसर्च, पीअर रिव्ह्यूची खूण नाही.” सहा महिन्यांनी मौखिकीत “हे लेख कसे निवडले?” असं विचारलं की ही वही उत्तर देते.

प्रत्येक लेखापुढे ‘प्रा’ किंवा ‘दु’ लिहा, आणि प्राथमिक असेल तर नमुना किती आणि कुठला, तेही. मूळ अभ्यास खूप प्रयत्न करूनही मिळाला नाही आणि तो दुसऱ्याच्या आढाव्यातच वाचला असेल, तर मजकुरात मूळ अभ्यासाचं नाव घेऊन “अमुक यांच्या आढाव्यात उद्धृत” असं लिहा, आणि संदर्भसूचीत फक्त तो आढावा टाका, कारण हातात घेऊन वाचलेला लेख तोच आहे.